राखेचा मेरू

मोमेला गेटवरच्या वहीत
नाव, देश, वय, आणि "आजार असल्यास".
मी गुडघा लिहिला नाही.
एलिरेहेमाने लिहिलं: रायफल एक, गोळ्या चार.
उतरल्यावर चारही मोजून परत द्यायच्या,
नाहीतर गोळीमागे एक अर्ज, तीन प्रतींत.
म्हणाला, एकोणीस वर्षांत एकच अर्ज लिहिलाय,
तोही हवेत झाडलेल्या गोळीचा.

शेजारच्या मोठ्या डोंगरावर म्हणे रांग असते,
पुढच्याच्या टाचेला मागच्याची नजर.
इथे आम्ही तिघं.
पुढे तो, मध्ये मी,
मागे डोक्यावर टोपली घेतलेला अनाएली.
टोपलीत अंडी,
आणि तरी मला सांभाळूनच तो हळू चालतो.

पहिल्या तासात जिराफ.
बाभळींना लावून विसरलेल्या शिड्यांसारखे.
चघळता चघळता थांबले, आम्हाला पाहिलं,
पुन्हा चघळू लागले.
माझ्या येण्याची एवढीच दखल,
आणि मला ती पुरली.

जंगल लागलं तसं कुणी बोलेना.
झाडांना दाढ्या. दाढ्यांतून ठिबकणारं धुकं.
फांदीवर काळी-पांढरी लांबकेशी माकडं,
खांद्यावर घोंगडी टाकलेल्या पंचांसारखी,
निवाडा आधीच झालाय अशा चेहऱ्याने.
माझा पाय मुळावरून घसरला.
"पोले," एलिरेहेमा म्हणाला.
पुन्हा घसरला. "पोले."
सहाव्या वेळी मी विचारलंच,
माझ्या पायाची माफी तू का मागतोस?
माफी नाही ती, म्हणाला.
तुला लागलं ते मी पाहिलं, एवढंच.

बराच वेळ मराठीत शब्द शोधत चालले.
"अगं बाई"च्या जवळपास काहीतरी,
पण पुरुषाच्या तोंडी.

मग रानरेडा.
वाटेत आडवा, अंगावर वाळून तडकलेला चिखल.
एलिरेहेमाने रायफल खांद्यावरून काढली नाही,
नुसता तळहात मागे केला: थांब.
आणि स्वाहिलीत नव्हे, घरच्या मेरू बोलीत
रेड्याशी काहीतरी बोलला,
दारातच खाट टाकून बसलेल्या चुलत्याशी बोलावं तसं.
टोपलीतल्या अंड्यांनीही श्वास धरला.
रेड्याने एकदा नाक फुरफुरलं,
वळला, आणि त्याच्यामागे झुडूप मिटलं.
काय सांगितलंस?
"म्हटलं, पाहुणी आहे. गुडघा दुखतोय तिचा."

रात्री दोनला खिंडीतून निघालो.
आमच्या पुराणात याच नावाचा पर्वत आहे, सोन्याचा.
सूर्यचंद्र त्याला प्रदक्षिणा घालतात.
हा राखेचा. दोन पावलं वर, एक खाली,
बुटात खडे, ओठांवर धूळ,
आणि उजव्या हाताला काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही:
पूर्वेची कूस केव्हाच फुटून वाहून गेली,
उरल्या पोकळीत एक काळा शंकू,
फुटक्या रांजणात कुणी नाचणी ओतून ठेवल्यासारखा.

उजाडलं. ढगांवर किलिमांजारो,
जांभळा, रुंद, आपण सुंदर आहोत हे माहीत असलेला.
मी रडले की वाऱ्याने डोळे भरले, ते राहू दे.
एलिरेहेमाची पाठ तिकडे होती.
तो खाली बघत होता, दक्षिण उतारावर,
केळीच्या बागांतून कुठे धूर निघतोय तिथे.
"भावाने कॉफी उपटली," म्हणाला,
"आजोबांनी लावलेली. टोमॅटो लावलेत आता."
साडेचार हजार मीटरवर
आम्ही अर्धा तास टोमॅटोच्या भावाबद्दल बोललो.
त्याचा राग गेला नाही.
सूर्य मात्र बराच वर आला.

गेटवर कारकुनाने गोळ्या मोजल्या. चार.
अंड्यांचा हिशेब कुणी मागितला नव्हता,
तरी अनाएलीने टोपली उघडून दाखवली:
शेवटचं एक उरलं होतं, त्याला तडा गेलेला,
आणि तोही खाली आल्यावर, सपाट रस्त्यावर.

"पोले," मी म्हणाले.